छताला भोक

त्याने उभ्या आयुष्यात एकच काम केलं होतं. लोकांच्या छतांची भोकं बुजवायची. बावीस वर्षं गच्च्यांवर गुडघे टेकून भेगा शोधल्या, त्यांत रसायन भरलं, आणि सगळे त्याला गळतीवाला म्हणू लागले. अशा माणसाला त्याच्या बायकोने एका सुट्टीच्या सकाळी सांगितलं की नव्या गाडीच्या छताला काच हवी. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत, आणि उघडणारी.

"म्हणजे भोक," तो म्हणाला.

"पॅनोरॅमिक सनरूफ म्हणतात त्याला."

"नाव काहीही ठेव. भोक आज ना उद्या गळतं."

रंग ठरला होता, गिअर ठरला होता. गाडं अडलं ते या काचेपाशी. बायको एका इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढायची. सकाळी खाली उतरायची, दिवसभर "श्वास रोखा, आता सोडा" म्हणायची, आणि वर यायची तोवर उजेड गेलेला असायचा.

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बरगड्या बघितल्या," ती म्हणाली. "आता जरा आभाळ बघू द्या."

यावर त्याच्याकडे तांत्रिक उत्तर होतं, आणि दुर्दैवाने त्याने ते दिलं. काच तापते. रबर वाळतं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पानं अडकतात. तो बोलत असेतोवर तिने त्याच्या बशीतलं अंडंही खाऊन टाकलं. शेवटी त्याने सासूबाईंना साकडं घातलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, लेकीकडेच राहायच्या.

"आई, तुम्हीच सांगा हिला."

"मला गाडीत मळमळतं," त्या म्हणाल्या. "छत लोखंडाचं असो की काचेचं, मला पिशवी लागते."

दुपारी तिघं शोरूमला गेले. गळतीवाल्याने घरून झाडांना पाणी घालायची झारी नेली होती. बायकोला तिथल्या काचेच्या छताच्या गाडीत बसवून त्याने आवारातल्या नळावर झारी भरली आणि छतावर ओतायला सुरुवात केली. टाय लावलेला विक्रेता धावत आला.

"सर, असं कुणी करत नाही."

"म्हणून तर माझा धंदा चालतो."

तीन झाऱ्या झाल्या. बायकोने आतून कोरडे हात दाखवले. त्याचं तोंड उतरलं. "नवी आहे म्हणून," तो पुटपुटला.

विक्रेत्याने त्याच्या हातातली झारी काढून घेतली आणि गाडी तासभर फिरवून आणा म्हणाला. घरात गाडी बायकोच चालवायची. त्याच्याकडे परवाना होता, पण त्याने गाडी शेवटची चालवली तेव्हा ती मागे मागे जात शेजाऱ्याच्या कुंपणात थांबली होती, आणि त्यावर कुणी पुन्हा बोलत नसे. तो मागे सासूबाईंशेजारी बसला, पिशवी उघडी धरून.

बायकोने बटण दाबलं. छताचा पडदा सरकत मागे गेला आणि गाडीत एकदम लख्ख झालं. सासूबाईंनी मान मागे टाकली.

"आई, पिशवी देऊ?"

"गप्प बसा. ढग बघतेय."

मग त्यानेही वर बघितलं, आणि त्याची समाधी लागली. "तिसऱ्या मजल्याची बाल्कनी बघ. वरच्याची मोरी झिरपतेय." जरा पुढे पूल आला. "पुलाच्या पोटाला पांढरे ओघळ. हा गेला."

"आभाळ दिसतंय का?" बायकोने पुढून विचारलं.

"मध्ये बाल्कन्या येतात."

सिग्नलला शेजारी एक उंच बस थांबली. सासूबाईंना तोंड उघडं टाकून डुलकी लागली होती. जाग आली तर बसच्या खिडक्यांतून डझनभर चेहरे खाली वाकलेले. त्यांनी तिसावर वर्षं वर्ग गप्प केला होता, ती नजर त्यांनी वर लावली. सगळे चेहरे निमूट समोर वळले.

"वळण नाही एकालाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या वळणावर बायकोने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला काय दिसलं सांगू? ट्रकचा मागचा भाग. अर्धा तास. तुम्हाला काच नको होती, आणि तिच्याखाली आ वासून तुम्हीच बसलाय. उतरा. पुढे या."

"मी चालवू?"

"दुसरं कोण आहे?"

त्याने स्टिअरिंग असं धरलं जणू ते उडून जाणार होतं. सायकली त्याला ओलांडून गेल्या. एक बाई बाबागाडी ढकलत बराच वेळ त्याच्या बरोबरीने चालली. मागून कसलाच आवाज येईना. घाम पुसून त्याने आरशात बघितलं, तर बायकोने चपला काढल्या होत्या आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती आडवी झाली होती.

"झोपली का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "रडतेय जराशी. तुम्ही समोर बघा."

त्याने समोर बघितलं. गळतीवरून एक विनोद अगदी जिभेवर आला होता, तो त्याने गिळला. लग्नानंतर असे फार थोडे विनोद त्याने गिळले होते. मग शोरूमचा रस्ता आला तेव्हा तो न वळता सरळ गेला, तळ्याला एक लांबचा वळसा घालून. त्या रस्त्याला एकही बाल्कनी नव्हती.

परत आले तेव्हा विक्रेता दारातच घड्याळ बघत उभा होता.

"मग, काचेचं छत घ्यायचं ना सर?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती केस नीट करत होती, डोळे लाल, चेहरा शांत.

"घ्यायचं," तो म्हणाला.

"तुम्ही चालवणार असाल तर," ती म्हणाली. "नाहीतर मला उपयोग काय?"

विक्रेत्याने कागद पुढे केला. त्याने सही केली आणि विक्रेत्याला बाजूला घेतलं.

"गाडी मागे घेताना काही आडवं आलं तर वाजतं ना, ते यात आहे?"

"आहे सर."

"त्याचा आवाज वाढवता येतो का बघा."