लोट्टे मोझर, वय चार

सोमवारी क्लिफर्ड आला आणि मंगळवारी मोझरबाई. दोघांनी एकच फॉर्म भरला, दोघांना एकाच गाईचे कागद हवे होते, आणि दहा दिवसांच्या आत दोघांना लेखी उत्तर देणं कायद्याने माझ्या गळ्यात होतं.

मी रोंडा. हॅरो काउंटीच्या शेरीफ कचेरीत गेली एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळते. शेरीफ निवडून येतात, पडतात, मी आपली तिथेच. कुणाला कधी अटक झाली, कशावरून झाली, याचे कागद मागायचा हक्क आमच्याकडे कुणालाही आहे, आणि ‘कशाला हवेत’ हे विचारायची मला मनाई आहे. मी विचारत नाही. तरी आजवर एकही माणूस कारण सांगितल्याशिवाय खिडकीपासून हललेला नाही. मेव्हण्याच्या मारामारीपासून सुरू होतात आणि आजोबांच्या गुडघेदुखीपर्यंत पोचतात. ऐकून घेण्याचा पगार मिळत असता तर मी केव्हाच निवृत्त झाले असते.

क्लिफर्डचं कारण तर सगळ्या गावाला पाठ होतं.

“रोंडे, सत्तर सालचं गाईचं प्रकरण काढून दे. माझ्या नावावर असेल.”

“महिना?”

“ऑगस्ट. गव्हाची काढणी चालली होती. मला नुकतंच एकोणिसावं संपलेलं. अंगात रग होती बघ.”

१९७० च्या ऑगस्टमध्ये कुणीतरी एक गाय कोर्टाच्या अकरा पायऱ्या चढवून आणली आणि शेरीफच्या दाराला बांधून ठेवली. सगळं गाव शेतात होतं, त्यामुळे हे कोणी केलं ते गावाला कळलं नाही. तेव्हाचा शेरीफ त्यावर एक शब्द बोलायला तयार नव्हता. ही मोकळी जागा क्लिफर्डने भरून काढली. पन्नास वर्षं तो कॅफेच्या कोपऱ्यात बसून ही हकीकत सांगतोय, आणि गाय दर हिवाळ्यात वजनाने वाढतेय. गेल्या वर्षी तिचा बैल झाला होता. आता काउंटीला दीडशे वर्षं होताहेत, त्याचं पुस्तक निघायचंय, आणि कमिटीने सांगितलं की कागद असेल तरच हकीकत छापू. क्लिफर्डचं घोडं तिथे अडलं होतं.

मोझरबाई आल्या त्या बरोबर नऊच्या ठोक्याला. त्यांनी अडतीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. मला शिकवलं, माझ्या मुलीला शिकवलं, सध्याच्या शेरीफला, म्हणजे ट्रेंटलासुद्धा शिकवलं. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. नाताळच्या नाटकात एक मेंढपाळ फिसकन हसला म्हणून त्याला दाढीसकट घरी पाठवणाऱ्या त्या बाई.

मी मागायच्या आत त्यांनी ओळखपत्र पुढे ठेवलं. पन्नास वर्षं ओळखत असूनही मी ते नीट तपासलं. तपासलं नसतं तर बोलणी खाल्ली असती.

‘ज्या व्यक्तीचे अटकेचे कागद हवेत तिचे नाव’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, अल्वीना मोझर. मी दोनदा वाचलं.

“बाई, हे तुमचंच नाव आहे.”

“वाचता येतंय की तुला. मीच शिकवलंय.”

“पण अटक...”

“मी सोळा वर्षांची होते. गाय आमची होती. लोट्टे.”

मला एकदम क्लिफर्ड आठवला, आणि मी खोकल्याचं सोंग केलं. बाई वळल्या. म्हटलं, कारण न सांगता जाणारं पहिलंच माणूस. पण दारापाशी थांबून त्या परत आल्या.

“लोट्टे तीनदा कुंपण तोडून शेरीफच्या बायकोच्या फुलांत शिरली,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “नोटीस आली. ‘जबाबदार असणाऱ्याने गुरुवारी दहाला कचेरीत हजर राहावे.’ वडील काढणीवर होते. मी म्हटलं, जबाबदार तर लोट्टे आहे. तिला घेऊन आले.”

“आणि शेरीफला काय सांगितलंत?”

“तुम्ही बोलावलंत, ती आली आहे. तिला स्वतःच्या बचावात काही म्हणायचं नाही.”

हे त्या अगदी पाढे म्हणाव्यात तसं म्हणाल्या. मी टेबलाखाली स्वतःला चिमटा काढला.

“शेरीफने मला अटक करायला लावली. वडिलांना शेतातून बोलावलं. डेप्युटी त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावलं. मी बाहेर बाकावर. दहा मिनिटांनी वडील आले ते चेहरा दगडासारखा करून. सात मैल गाडीत एक शब्द नाही. घरी नाही. नंतर कधीच नाही. अठ्ठ्याण्णव साली गेले तोवर आम्ही लोट्टेचं नाव काढलं नाही.” त्यांनी पर्सची कडी लावली, उघडली, परत लावली. “त्या खोलीत माझ्यामुळे त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, एवढंच मला हवंय. विचारायला आता कुणी उरलेलं नाही. मला सत्तर झाली, रोंडा.”

आमच्या चौथीतल्या बाईंना बापाची भीती वाटत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जुने कागद तळघरात, जुन्या कोठडीत असतात. तिथेच काउंटीच्या नाताळच्या माळा आणि पुठ्ठ्याचं एक मोठं हरीण ठेवलंय. हरणाला बाजूला सारून मी सत्तर सालचा खण काढला. अल्वीना मोझर नाही. वडिलांचं नाव रायनहोल्ट, तेही नाही. क्लिफर्ड तर नाहीच, ते मला नवल नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. शुक्रवारी तिसऱ्यांदा. बाईंना ‘काही सापडलं नाही’ असं पत्र लिहायच्या कल्पनेनेच मला घाम फुटला. उद्धटपणा केल्यासारखं वाटलं असतं.

मग एक मोझर सापडली. मोझर, लोट्टे. गाईचं नाव? माझा विश्वास बसेना. कार्ड बाहेर काढलं. लिंग, स्त्री. वय, चार. वजन, बाराशे पौंड. केस, काळे-पांढरे. डोळे, तपकिरी. व्यवसाय, दूध. बोटांच्या ठशांच्या चौकोनात टाईप केलं होतं, ‘बोटे नाहीत’. सही डेप्युटी अर्ने थोरसनची. शेरीफने अटकेचं कार्ड भर म्हटलं, अर्नेने भरलं, पण कुणाचं भर हे शेरीफ सांगायला विसरला असावा, किंवा अर्नेला ते ऐकू गेलं नसावं. पोरीच्या नावाचं कार्डच त्याने केलं नव्हतं. तिचं नाव फक्त मागे जोडलेल्या अहवालात होतं.

अहवाल मी तिथेच, हरणाशेजारी बसून वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि दोनदा चष्मा पुसला.

आता क्लिफर्डचा प्रश्न. मी कार्ड घेऊन ट्रेंटकडे गेले.

“हे त्याला द्यायचं का?”

ट्रेंटने कार्ड खालून वर आणि वरून खाली वाचलं. “अठराच्या आतल्या कुणाचेही कागद दुसऱ्याला देता येत नाहीत.”

“मुलीचे नाहीच देता येत. पण कार्ड गाईचं आहे.”

“गाय किती वर्षांची?”

“चार.”

“मग ती पण अठराच्या आत आहे,” ट्रेंट म्हणाला. काउंटीच्या वकिलाला फोन लावला, तो अर्धा तास हसला आणि मग म्हणाला, कायद्यात प्राण्यांना वगळल्याचं कुठे दिसत नाही.

क्लिफर्डला मी नियमाप्रमाणे पत्र दिलं. ‘आपल्या नावावर कोणतेही कागद आढळले नाहीत. सदर प्रकरणात अटक झालेली व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्याने माहिती देता येत नाही.’ त्याने ते मोठ्या तोऱ्यात कॅफेत वाचून दाखवलं, सरकार माझं नाव दडवतंय म्हणून. मग कॅफेच्या मालकिणीने कॉफी ओतता ओतता विचारलं, “क्लिफर्ड, तेव्हा तुला एकोणिसावं संपलं होतं ना रे?” ही गोष्ट त्याने पन्नास वर्षं स्वतःच सांगितली होती. त्या दिवशी तो नेहमीचा ॲपल पाय न खाता घरी गेला.

बाईंना मी फोन केला. सोमवारी नऊच्या ठोक्याला त्या हजर. मी पाकीट दिलं. त्या घरी नेतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तिथेच उभ्याने उघडलं. कार्ड वाचताना चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग अहवाल. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. शेवटचा परिच्छेद मला एव्हाना पाठ झाला होता.

‘वडील दोन चाळीसला आले. मुलगी शेरीफना काय म्हणाली ते मी त्यांना मागच्या खोलीत सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. त्यानंतर ते इतके हसले की मला त्यांना पाणी द्यावे लागले. तिसऱ्यांदा सांगायला लावले. मुलीला हे कळू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी बैल आणेल, असे म्हणाले. तोंड सरळ होईपर्यंत दहा मिनिटे बसू द्या अशी विनंती केली. बसू दिले. जाताना म्हणाले, पोरगी माझ्या आईवर गेली आहे.’

बाईंचं बोट त्या शेवटच्या ओळीवर थांबलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या रागावल्यासारख्या दिसत होत्या.

“त्यांना तोंड सरळ करायला दहा मिनिटं लागली,” त्या म्हणाल्या, “आणि मी ते चोपन्न वर्षं सरळ धरून बसले.”

मग त्यांच्या तोंडून एक आवाज आला. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय ते. सवय नसलेलं माणूस हसायला लागलं की असंच होत असावं. त्यांनी खिडकीची कड धरली, डोकं खाली घातलं आणि खांदे गदगदा हलायला लागले. “बोटे नाहीत,” एवढंच त्यांना मध्ये एकदा म्हणता आलं. मग मलाही आवरेना.

ट्रेंट आतून धावत आला. सहा फुटांचा गडी, कमरेला पिस्तूल.

“बाई? काय झालं?”

मोझरबाईंनी मान वर केली. गाल ओले, टोपी कानावर आलेली.

“काही नाही, ट्रेंट,” त्या म्हणाल्या. “जागेवर जाऊन बस.”

आणि तो बसला.