मुलं कोणाच्या कागदावर?

थेरेसने पगाराच्या खिडकीवर टकटक केली.

"डॉट, करकपातीचा कोरा कागद दे बघू. कपात वाढवून घ्यायचीय."

"नाताळ तोंडावर आलाय आणि तुला पगार कमी करून हवाय?"

"एप्रिलमध्ये रडण्यापेक्षा आत्ता रडते."

त्या वर्षांत कागदाच्या कारखान्यातले सगळेच त्या फॉर्मवर घरची माणसं मोजून लिहीत. माणसं जास्त, तर दर आठवड्याला कर कमी कापला जाई. थेरेस आणि तिचा नवरा रोलां दोघंही तिथलेच कामगार. दोघांनीही आपापल्या कागदावर तीच तीन मुलं लिहिली होती. गेल्या एप्रिलमध्ये वर्षाचा हिशेब भरताना मुलं अर्थात तीनच निघाली, सहा नव्हे. राहिलेला कर एकरकमी भरायला रोलांने आपल्या बापाने स्वतः बांधलेली होडी विकली. त्यानंतर तो नदीकडच्या रस्त्याने घरी येईनासा झाला.

काल जेवताना तिने मुलं एकाच्याच कागदावर ठेवायचा विषय काढला होता.

"माझी मुलं माझ्या कागदावरून खोडू? लोक हसतील," रोलां म्हणाला होता.

"मग माझ्यावरची खोडते."

"काही खोडायचं नाही. पगाराचं पाकीट आधीच चपटं असतं," म्हणून तो तळघरात भट्टी बघायला उतरला होता.

थेरेसने मुलांच्या रकान्यात शून्य काढलं आणि ते पुन्हा गिरवलं.

"रोलांला सांगू नकोस हं. ओव्हरटाइम मिळाला नाही म्हणेन."

डॉटने खणातून एक कागद काढून काचेला लावला. खाली रोलांची वाकडी सही. मुलांच्या रकान्यात शून्य.

"सकाळी भोंग्याआधी येऊन गेला. तुला सांगू नकोस म्हणाला."

थेरेसने काचेवर हात टेकला.

"अगं, आता मुलं कोणाचीच नाहीत," डॉट म्हणाली. "दोघांचंही जास्त कापलं जाईल. एप्रिलमध्ये परत मिळेल म्हणा, पण तोवर खाल काय? तुझा फाडू?"

"दोन्ही ठेव. आणि मी आले नव्हते."

नव्या कपातीच्या पहिल्या शुक्रवारी रोलांने पाकीट टेबलावर ठेवलं आणि टोपी काढण्यात बराच वेळ घालवला.

"या आठवड्यात ओव्हरटाइम नव्हता," तो म्हणाला.

"मलाही नव्हता," थेरेस म्हणाली, आणि त्याच्या ताटात बीन्सचा आणखी एक डाव वाढला.