झुकत्या मापाची थैली

अरे मित्रांनो, इकडे पाहा, दारामागच्या खुंटीवर! ही हिरवट ताडपत्रीची जुनी थैली आहे ना, तीच मी. आणि हसू नका, पण मी हेलिकॉप्टरात बसलेली आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा! आमच्या अख्ख्या सानगडी गावात अशी दुसरी थैली दाखवा मला.

जन्माने मी ट्रकवरची ताडपत्री. एकोणीसशे ऐंशी साली गोमाजी शिंप्याने मला कापलं, दुहेरी दोऱ्याने शिवलं, दोन पट्टे लावले. कारण इश्वरला नोकरी लागली होती. इश्वर म्हणजे भय्याजी मापाऱ्यांचा मुलगा, वेल्डर. आणि नोकरी कुठे? भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर! चौदा दिवस तिथे, चौदा दिवस घरी, मुंबईहून जाणं-येणं हेलिकॉप्टरने. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, लोखंडी पेटी नको, मऊ थैली आणा, वजन फक्त दहा किलो. जास्त भरलं तर तो माणूस राहील आणि त्याच्या जागी दुसरा जाईल.

गावाला काही हे पटेना. शेजारच्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "चौदा दिवस काम न् चौदा दिवस सुट्टी? मंग हा नोकर होय का जावई?"

दिवाळी नुकतीच झाली होती. निघायच्या सकाळी कौशल्याबाई, म्हणजे इश्वरची माय, मला भरायला बसल्या. चादर, स्वेटर, दोन पँटी, लिंबाचं लोणचं, नव्या धानाचे भाजके पोहे. मग त्या तांदळाचं गाठोडं घेऊन आल्या!

"माय, तांदूळ कायले?"

"समुद्रात धान पिकते का रे? मंग खाशीन काय?"

"तिथं जेवण भेटते, माय!"

"भेटते म्हणे! कोणाच्या हातचं?"

गाठोडं घरीच राहिलं एकदाचं. मग भय्याजींनी तराजू टांगला. एका पारड्यात पाच-पाचची दोन वजनं, दुसऱ्यात मी. मित्रांनो, भय्याजींनी अठ्ठावीस वर्षं बाजारात धान मोजलं होतं. दांडी सरळ झाली की ते वरून आणखी ओंजळ टाकायचे, पारडं खाली झुकेपर्यंत. झुकतं माप म्हणतात त्याला. आणि एक नेम होता, पारड्यात पडलेलं परत काढायचं नाही. त्यांनी मला बरोबर दहावर आणलं, आणि हात आपोआप पोह्यांच्या डब्यात गेला. एक ओंजळ, दोन, तीन... माझं पोट टम्म!

"दहा!" ते म्हणाले.

नागपूरची बस धरायला बाप-लेक मला घेऊन साकोलीला आले. तिथे बसस्टँडसमोर ताराचंद शेठचं किराणा दुकान. दुकानात गोल तबकडीचा वजनकाटा होता. इश्वरच्या जिवाला चैन पडेना, त्याने मला त्यावर ठेवलंच. काटा सरकला, सरकला, आणि पावणेअकरावर थांबला!

"काटाच खराब आहे तुमचा," भय्याजी म्हणाले.

"कालच वजनमापाच्या सायबानं तपासला, मापारी," ताराचंद शेठ हसले.

"बाबा, तुमी झुकतं मोजलं ना?"

"मंग! परक्याले झुकतं देतो, न् पोराले उणं धाडू?"

तिकडे नागपूरच्या बसने हॉर्न दिला. इश्वरने माझं तोंड सोडलं, पण भय्याजींनी त्याचं मनगट धरलं. "टाकलेलं काढाचं नाही, इश्वर."

"मी राहून जाईन, बाबा!"

भय्याजींचा हात काही सुटेना. इश्वरने एकवार बापाकडे पाहिलं, एकवार बसकडे. मग एकदम म्हणाला, "काढत नाही, बाबा. वाटतो. वाटलेलं तर चालते ना?"

भय्याजींनी मनगट सोडलं.

आणि काय सांगू! पहिली ओंजळ शेठच्या हातात, मग हमालांना, पानवाल्याला, धावत आलेल्या कंडक्टरला. "हे काय, लग्न आहे का?" कंडक्टर तोंड भरून विचारत होता. "माह्या पोराची नोकरी आहे!" भय्याजी ओरडले, आणि आता तेच वाटायला लागले. काटा खाली, खाली, बरोबर दहावर. भय्याजी वाकले, डोळा काट्याला लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते वर काही न टाकता म्हणाले, "सम आहे. जा."

मुंबईच्या काट्यावरही दहाच भरले. इश्वर हेलिकॉप्टरात चढला, मी त्याच्या मांडीवर. खाली निळं निळं पाणी, आणि मला तर हसूच येत होतं!

सात वर्षं मी समुद्रावर गेले-आले. मग इश्वरने चेनवाली बॅग घेतली आणि मी खुंटीवर आले. कोणी माझ्यात कांदे भरले, कोणी फाटके जोडे. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आता भय्याजी महिन्यातून एकदा मला झटकतात, उन्हात टाकतात, उसवलं तिथे टाका घालतात.

तुम्हीही आपल्या थैलीला एवढं करा, मित्रांनो. दूरच्या वाटेवर थैली फाटली ना, तर सगळ्यात आधी घरचंच सांडतं.