दोन अंघोळींमधलं शास्त्र

“श्रीगणेशाय नमः,” म्हणून विजयाबाईंनी लूककृत शुभवर्तमान उघडलं आणि जीभ चावली.

“चालेल हो,” शामला हसत म्हणाली. “देव समजून घेईल.”

“तुझा की माझा?”

“आधी वाचा तर खरं.”

हिंदी मुलखातल्या लष्कर शहरात, पाटणकर बाजारामागच्या गल्लीत, दोन अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीशी हे रोज सकाळी चाले. अलीकडे शामला, ख्रिस्ती. नवरा श्रीपाद मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तो भाद्रपदात गेला. पलीकडे विजयाबाई, पुरोहितांच्या घरातल्या. त्याही विधवा, आणि एकुलता एक मुलगाही प्लेगात गेलेला.

शामलेला अक्षरओळख नव्हती. लग्नापासून श्रीपाद रोज सकाळी शास्त्राचं, म्हणजे बायबलाचं, एक पान वाची, प्रार्थना करी आणि शेवटी ती आमेन म्हणे. एवढंच तिचं काम, पण त्या एका पानावर तिचा अख्खा दिवस निघे. कुणीतरी मुद्दाम घरी येऊन आपली विचारपूस केल्यासारखं तिला वाटे. मग पोळी करपली काय नि दूध नासलं काय, बाई आपली खुशीत. श्रीपाद गेला आणि ते पानच बंद झालं. शेजारच्या मुरार छावणीतल्या चर्चमधली हिंदी तिला कळायची, पण आत उतरायची नाही. पलीकडून मात्र रोज मराठी पोथीचा आवाज यायचा. शेवटी एके दिवशी तिनं मनाचा हिय्या केला आणि पुस्तक भिंतीवरून पुढे केलं. विजयाबाईंनी दोन घटका विचार केला आणि घेतलं.

पौषातल्या एका दुपारी विजयाबाईंची पुतणसून सुनंदा भिंतीशी आली.

“शामलाबाई, एक सांगू? काकूंना वाचायला नका सांगत जाऊ.”

“का गं? घरात कुणी रागावलं?”

“रागावायचं काय त्यात. त्या वाचायच्या आधी नाहतात. म्हणतात, ग्रंथ आहे, पारोशानं कसा वाचू? आणि वाचून झालं की परत नाहतात, तुमच्या पुस्तकाला हात लागला म्हणून. दोन्ही वेळा विहिरीचं गार पाणी, डोक्यावरून. इतकी सर्दी पडतेय, तबियत बिघडणार नाही तर काय? सारखा खोकला चाललाय.”

हसावं की रडावं तेच शामलेला कळेना. एक अंघोळ शास्त्राचा मान म्हणून, दुसरी त्याच शास्त्राचा विटाळ म्हणून, आणि बाईनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आपण पाणी तापवून द्यावं, तर आपल्या घरचं पाणी त्यांना चालायचं कसं?

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदाच स्वतः प्रार्थना केली. श्रीपादसारखी भाषा काही जमेना. “बाईंचा खोकला बरा कर, आणि मला त्यांना नको म्हणायचं बळ दे,” एवढंच म्हणाली, आणि आमेनही तिचं तिनंच म्हटलं. आणि गंमत अशी की, उठली तेव्हा तिला अगदी हलकं वाटत होतं.

सकाळी ती रिकाम्या हातानं भिंतीशी गेली. “आजपासून नको, विजयाबाई. चर्चमधलं कुणी येऊन वाचेल.”

“खोटं बोलतेस. सुनंदेनं तोंड उघडलं ना?” विजयाबाई खोकत म्हणाल्या. “अगं, काल कुठं थांबलो आपण? त्या विधवेचा एकुलता एक मुलगा गेलाय, गावाबाहेर नेताहेत. तिला तसंच रस्त्यात सोडून जाऊ?”

“पण तुमची अंघोळ...”

“पुस्तक तू धर. मी हातच लावत नाही. मग दुसरीची गरज नाही.”

शामला धावतच गेली. पुस्तक आणून तिनं दोन्ही हातांनी उघडं धरलं, अक्षरं बाईंकडे, पुठ्ठा आपल्याकडे. श्रीपाद वाची तेव्हा ती शेजारी मान खाली घालून बसे. वाचणाऱ्याचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. तो आता समोर होता.

बाई पोथीच्याच चालीत वाचत होत्या. रडत चाललेली आई. प्रभूला तिची दया आली. त्यानं पुढं होऊन तिरडीला हात लावला.

विजयाबाई थांबल्या. “तिरडीला शिवला?”

“शिवला.”

“मग?”

“पुढं वाचा ना. मला कुठं वाचता येतंय?”

त्यांनी वाचलं. मुलगा उठून बसला, बोलू लागला, आणि प्रभूनं त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं. शामलेचे हात भरून आले होते, पण तिनं पुस्तक खाली केलं नाही.

विजयाबाईंनी भिंतीवरून हात पुढे केला आणि त्या ओळीवर तळवा ठेवला.

“अहो, हात लागला...”

“लागू दे,” त्या म्हणाल्या. “करीन पुन्हा अंघोळ.”