हॉलिसची पिपाणी

वर्नाने दुनळी बंदूक उघडून दोन काडतुसं आत सरकवली आणि ती हलक्या हाताने मिटवली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली,

"ते नळकांडं गाडीतच राहू दे. त्याची फुसफुस ऐकून कोयोट काय, उंदीरसुद्धा फिरकायचा नाही."

हॉलिसने नाकातली प्राणवायूची नळी काढून पिकअपच्या आरशाला अडकवली.

"पंधरा मिनिटं काढतो मी."

"काढशील. मरायचीसुद्धा घाई नसते तुला कधी."

आठ दिवसांत सात करडं कोयोटांनी, कोल्ह्याच्या त्या थोराड भावांनी, नेली होती. लेक शहरातून म्हणाली, विष घाल. शेजारी म्हणाला, फासे लाव. वर्नाने दोघांनाही वाटेला लावलं. टेक्सासच्या या रानात कोयोट मारायचा तो असाच: एकाने पिपाणीतून मरत्या सशाची किंकाळी काढायची, दुसऱ्याने बंदूक धरायची. वेड्या बाभळी इतक्या दाट की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. लांब पल्ल्याची बंदूक इथे नुसती शोभेची काठी. सत्तेचाळीस वर्षं हॉलिस फुंकत आला होता आणि ती मारत आली होती. नवरा रडतो नि बायको मारते, असं गाव हसायचं. वर्नाला त्याचा अभिमानच होता.

हॉलिस एका खोडाला टेकून बसला. ती त्याच्यापुढे, त्याच्याकडे पाठ करून.

"कर सुरू. आणि स्वयंपाकघरात काढतोस तसले सूर नकोत. परवा मांजर घर सोडून गेलं."

"ते तुझ्या तोंडाला कंटाळून गेलं."

पहिली फुंक पोकळ गेली, दुसरी लागली. मग थांबून थांबून किंकाळी येऊ लागली, तशा वर्नाच्या भुवया वर गेल्या. पूर्वी याचा ससा दणकट असायचा, तासभर मरायचा नाही. हा खरंच संपत आला होता. बारीक, ओलसर, मधेच तुटणारी शीळ.

मेल्याला म्हातारपणी जमलं, ती मनात म्हणाली.

कोयोट एरवी वळसा घालून, वारा हुंगत येतात. हा निवडुंगामागून सरळ निघाला आणि सात-आठ पावलांवर उभा राहिला. वर्नाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या मागे, हॉलिसकडे बघत होता. तिने चाप ओढला. तो जागच्या जागी बसल्यासारखा पडला.

ती हलली नाही. जोडीतला दुसरा मागून येतो. बार झाला तरी पिपाणी थांबवायची नाही, हा हॉलिसचाच नियम. शीळ चालू होती. वर्ना दुसऱ्या चापावर बोट ठेवून वाट बघत राहिली.

"असा ससा जन्मात जमला नव्हता तुला," ती पुटपुटली.

तिने आयुष्यात एकदा कौतुक केलं आणि मागून टोमणा आला नाही. तेव्हा मात्र तिने मान वळवली.

हॉलिसचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. ओठ जांभळे. पिपाणी त्याच्या बुटाजवळ पडली होती, तिच्या तोंडाला मुंग्या लागल्या होत्या. शीळ छातीतून येत होती.

वर्नाने बंदूक खाली ठेवली, भरलेलीच. असं तिने कधी केलं नव्हतं.

"दुसरा... आला?" हॉलिसने विचारलं.

"येतोय." तिने त्याची टोपी सरळ केली. "तू वाजवत राहा. थांबलास तर माझ्याशी गाठ आहे."

पिकअपकडची पायवाट वळसा घालून जात होती. ती सरळ काट्यांतच घुसली. बाही फाटली, गालावर ओरखडा उठला. कान तेवढे तिने मागे ठेवले होते.

पिकअपचं दार नेहमीच कुरकुरायचं. त्या आवाजात मागची शीळ ऐकू येईना. आरशावरची नळी एका हातात, दार दुसऱ्या हाताने घट्ट धरून, श्वास रोखून ती ऐकू लागली.