राज्य जुईलीवर

माघातली मावळती. काजूच्या मोहोराने गंधाळलेली, लाल मातीवर केशर सांडणारी, संथ, सोनेरी मावळती. देवळामागच्या मोकळ्या अंगणात मात्र संथ असे काहीच नव्हते.

तिथे पोरे होती. शाळेच्या बाकावर दिवसभर पेंगणारी, घरात पाण्याचा तांब्या उचलायला कंटाळणारी. आणि इथे धावणारी, धडपडणारी, घामाने निथळणारी, पुन्हा धावणारी. मूठभर चुरमुरे खाऊन निघालेल्या या काटकुळ्या अंगांत एवढी शक्ती येते कुठून, देव जाणे.

पायरीवर सुमित्रा बसली होती. तिची नजर एकटीवरच, तिच्या जुईलीवर. पोरीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. चार पावले पळाली की ओठ निळे पडायचे. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. आता खुशाल खेळू दे, डॉक्टर म्हणाले. पण आईचा जीव तो. तिने पोरांना बजावले होते, "हिला लिंबूटिंबू ठेवा हं."

लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेला गडी. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. आखलेल्या चौकोनात जुईली हुंदडायची आणि कुणीच तिला शिवायचे नाही. तिला ते फार लागायचे.

त्या सांजेला लंगडी रंगात आली होती. राज्य तन्मयवर. एका पायावर उडत तो आला आणि त्याने जुईलीच्या पाठीत चांगला धपाटा घातला.

"बाद. आता राज्य तुझ्यावर."

"अरे, ती लिंबूटिंबू आहे ना," सुमित्रा उठलीच.

"किती दिवस, काकू? माझ्यापेक्षा जोरात पळते ती."

जुईली वळली. "आई, तू मध्ये येऊ नकोस."

सुमित्रा बसली. पदर मुठीत आवळून बसली.

जुईलीने पाय दुमडला आणि ती उडाली. धूळ उडाली, वेणी उडाली, रिबीन सुटली. श्वास फुलला, गुडघा डगमगला, पण दुमडलेला पाय काही टेकला नाही. गाल लालबुंद झाले. ओठही लालच राहिले. सुमित्रा त्या ओठांकडेच बघत होती. कोपऱ्यात कोंडलेली थोराड शलाका निसटू बघत असतानाच जुईलीचा हात तिला लागला, आणि पोरांनी एकच गिल्ला केला.

घरी आली ती धुळीने माखलेली, भुकेने कासावीस झालेली. एकेका घासासाठी जिच्या विनवण्या कराव्या लागायच्या, ती आज हातपाय धुवून आपणहून ताटावर बसली. एक भाकरी संपली. दुसरी संपली.

"आई, अजून वाढ."

सुमित्राने आपल्या वाटणीची भाकरी तिला वाढली. आभार मानायचे तरी कुणाकुणाचे? देवाचे, डॉक्टरांचे, की त्या आगाऊ तन्मयचे? तिने सगळ्यांचेच मानले. मग डोळे पुसले, परातीत पुन्हा पीठ घेतले. आणि उपाशीपोटी, भरल्या मनाने, ती लेकीसाठी भाकऱ्या थापत राहिली.