रवी थांबली, तो दिवस

मित्रांनो, एका जागी गप्प राहणे माझ्या स्वभावातच नाही. आताही खुंटीला टांगलेली आहे, पण दारातून जरा वारा आला की माझे सगळे अंग वळवळू लागते. मी एक जुनी रवी आहे. सिल्वासाजवळच्या किलवणी गावात, भिमाबाईच्या स्वयंपाकघरात माझा जन्म सार्थकी लागला.

मला घडवले सुरंगी गावच्या आबा सुताराने. डोक्याला पाकळ्या, पाकळ्यांत खोल खाचा आणि खाली-वर सारखा गुळगुळीत दांडा. काम झाल्यावर त्याने मला दोन्ही तळव्यांत धरून गरगर फिरवले आणि हसून म्हणाला, "ही काय गप बसायची नाय."

१९८४ च्या सुमारास भिमाबाईने मला सिल्वासाच्या बाजारातून घरी आणले. तिचा नवरा भिका धुळ्याकडून इथे सुताच्या कारखान्यात कामाला आला होता. संसार केवढा? एक खोली, दारात एक म्हैस आणि विरजणाची एक बरणी. ते विरजण भिमाबाईच्या आईच्या घरचे होते. इथे येताना एसटीच्या गर्दीत तिने ती बरणी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. त्यातले चमचाभर रोज दुधात पडायचे, दही लागायचे आणि मी त्यात उतरायचे.

मग काय विचारता! दोरीचे वेढे पडले की माझ्या अंगात वारे शिरे. भिमाबाईचा एक हात पुढे, एक मागे. इथल्या उकाड्यात लोणी लवकर गोळा होत नसे. मग ती माठातले गार पाणी घाली आणि मी आणखी जोरात फिरे. लोणी वर येईपर्यंत मला धीर म्हणून निघत नसे.

त्या एका गोळ्याला नावे तरी किती! भिमाबाई लोणी म्हणे. शेजारची गुजराती बाई माखण मागे. भिकाचे उत्तरेकडचे सोबती मक्खन म्हणत. कारखान्यातल्या इंजिनिअरची बायको सुजाता पुण्याची. तिची छोटी ईशा पहिल्यांदा आली तेव्हा वाटीत डोकावून म्हणाली, "आई, हे बटर पांढरं का? ह्यात मीठ नाही घातलं?"

"बटर नही बेटा, हाई लोनी शे. बोटवर ले अन् चाट," भिमाबाई म्हणाली. पोरीने चाटले आणि लगेच पुन्हा बोट पुढे केले.

लोणी भाकरीवर जाई. कढवले की तूप होई, आणि तळाची बेरी गूळ घालून भिमाबाईची लेक जया फस्त करी. फुटलेल्या ओठांना लोणी, भेगाळलेल्या टाचांनाही लोणी. एवढे असून लोक काय बोलत? भिका संध्याकाळी येऊन कारखान्यातल्या कुणाबद्दल सांगे, "तो मुकादमले मस्का लावस." मला भारी राग येई. चक्कर येईस्तोवर फिरायचे मी, आणि नाव खुशामतीला! मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा असे कुणाला म्हटलेले ऐकले की अंगावर काटाच येई.

भिमाबाईचे मन मात्र खरेच लोण्याचे. दारात येईल त्याला ताक फुकट. ताक विकणे तिला पाप वाटे. पण विरजणाचे नाव काढले की तीच बाई दगड होई. विरजण घराबाहेर गेले की बरकत जाते, असे तिच्या आईने सांगितलेले. एकदा सुजाता वाटी घेऊन आली.

"भिमाबाई, चमचाभर विरजण द्याल? तुमच्यासारखं दही माझ्याकडे लागतच नाही."

"ताक प्या ना ताई, पोटभर प्या. इरजण नका मांगू."

सुजाता रिकामी वाटी घेऊन परतली. मला ते आवडले नाही, पण रवीला कोण विचारतो?

पुढे जया मोठी झाली आणि कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. एके दिवशी गावाकडून निरोप आला की भिमाबाईची माय गेली. भिमाबाई आणि भिका मिळेल त्या गाडीने निघाले. जाताना ती लेकीला एवढेच म्हणाली, "म्हैस अन् इरजण संभाळजो."

जयाला कारखान्याची पाळी गाठायची घाई असे. एका सकाळी तिने बरणीतले होते नव्हते ते सगळे विरजण कढत दुधात ओतले आणि बससाठी पळाली. मित्रांनो, कढत दुधात विरजण मरते! मला ओरडावेसे वाटले. खुंटीवर मी नुसती तळमळत राहिले. संध्याकाळी जयाने झाकण काढले तर दूध नासलेले. ती पातेल्यापाशी बसून रडली.

सुतक संपवून भिमाबाई परतली आणि आधी बरणी उघडली.

"आई, माझं चुकलं," जया म्हणाली. "बाजारातून दही आणते ना मी."

"दही त भेटी जाई, जया. मन्ही माय कोठे भेटी?"

भिमाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिचे ते रिते हात मला बघवेनात. बऱ्याच वेळाने तिची नजर माझ्याकडे गेली. तिने मला खाली उतरवले आणि खाचेतून नख फिरवले. वाळलेल्या ताकाची पिवळसर खपली नखावर आली. तिने मला कधी साबण लावला नव्हता. खाचांत जुने ताक तसेच बसून होते.

तिने दूध कोमट केले, करंगळी बुडवून पाहिली, मला पातेल्यात उभे केले आणि वर फडके टाकले.

"आते हालू नको, बाई," ती मला म्हणाली.

मला! जन्मात कधी न थांबलेल्या मला! पण विरजलेले दूध हलले की दही मोडते. बाहेर खानवेलची बस भोंगा वाजवत गेली, म्हैस हंबरली, पाकळी पाकळी शिवशिवली. मी हलले नाही.

पहिल्यांदा दूध नुसते दाटले. त्यातले चमचाभर नव्या दुधात, त्यातले पुन्हा नव्या दुधात. अखेर घट्ट दही लागले. भिमाबाईने बोट चाटले, डोळे मिटले आणि म्हणाली, "उनी, परत उनी मन्ही माय." मग एक वाटी भरून ती तडक सुजाताच्या दारात गेली. दुसरी वाटी गुजराती शेजारणीकडे गेली. जया बघतच राहिली.

"बरकत जाई त जाऊ दे," भिमाबाई म्हणाली. "चार घरमा ऱ्हायनी त माय मराव नही."

आता घरात मिक्सर आला आहे आणि मी खुंटीवर चुळबुळत असते. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी मोडले तर एखादा सुतार दुसरी रवी करील. पण परवा ईशा कॉलेजसाठी पुण्याला निघाली, तेव्हा निरोप घ्यायला इथे आली होती. तिच्या हातात तिच्याच घरच्या विरजणाची बरणी होती. भिमाबाईने झाकणावर फडके घट्ट बांधून दिले.

"मांडीवर धरजो," ती म्हणाली. "कढत दूधमा टाकू नको. अन् कोनी मांगं, त नही म्हनू नको."